सातेरी हॉलातलं गाऱ्हाणं

रमाबाई पारकर रागावल्या की आधी भांडी वाजत, मग त्या बोलत. त्या दिवशी भांडी वाजलीच नाहीत, तेव्हा समोर बसलेल्या रामदासला दरदरून घाम फुटला.

रामदास हा सातेरी नाट्यमंडळाचा सेक्रेटरी. मॅट्रिक झालेला, गिरणीच्या ऑफिसात कारकून, माणूस वाईट नव्हे पण भित्रा. आणि रमाबाई म्हणजे लालबागमधल्या एका खानावळीच्या मालकीणबाई. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, आणि पंगतीला कोकणातून गिरणीत आलेले तीस गडी. घरी बायकोचं ऐकत नसतील, पण रमाबाईंनी डोळे वटारले की निमूट पिठीभात गिळत.

"काकी, मी काय म्हणतो," रामदासनं सुरुवात केली. "उद्या हॉल उघडतोय. पावणेदोन वर्षांनी! गिरगावातले कमलाकांत विजयकर येणार आहेत, स्वतःच्या गोष्टी वाचायला. एवढा मोठा लेखक आपल्या पत्र्याच्या थेटरात येतोय. धोंडूकाकांनी नेहमीसारखं गाऱ्हाणं घालावं, माझी ना नाही. फक्त... जयवंताचं नाव नको."

कोपऱ्यात धोंडू पारकर बसले होते, रमाबाईंचे यजमान. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

आता हे गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. कोकणातला माणूस देवाच्या कानावर घातल्याशिवाय काही सुरू करत नाही, मग ते लग्न असो की नाटक. एकानं उभं राहून देवाकडे मागायचं, क्षणभर थांबायचं, आणि सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा सगळे हो म्हणाले की ते मागणं देवाच्या दारी पोचलं. मग ते परत घेता येत नाही. सातेरी हॉलात नाटक असो, लेखकाचं वाचन असो, शाहिराचा कार्यक्रम असो, तीस वर्षं गाऱ्हाणं घालायचं ते धोंडूंनीच. काय आवाज होता! मागच्या बाकावर पेंगणारा रातपाळीवालासुद्धा खडबडून जागा व्हायचा.

आणि मंडळाची एक रीत होती. मंडळातला नट गेला, तर त्यानंतर जो पहिला कार्यक्रम होईल, त्याच्या गाऱ्हाण्यात त्याचं नाव घ्यायचं. पहिल्याच, नंतरच्या नाही. जयवंत हा धोंडू-रमाबाईंचा एकुलता एक. चार वर्षं त्या हॉलात नाटकांतून काम करत होता. छपन्नच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरला, मोर्चात पुढे होता, आणि गोळीबारात गेला. त्यानंतर जागेचे मालक मनमोहनशेठ यांनी हॉलाला कुलूप ठोकलं. कुलूप निघत होतं ते उद्या. म्हणजे जयवंताचं नाव घ्यायचं तर उद्याच. नाहीतर कधीच नाही.

"कित्याक नको?" रमाबाईंनी हळू विचारलं.

"शेठजींची अट आहे काकी. चळवळीचं काही नको, गोळीबाराचा उल्लेख नको. स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहेत. एक शब्द निघाला तर हॉल पुन्हा बंद."

"बंद होवंदे."

"रमा," धोंडू पहिल्यांदा बोलले, "पोरांची नाटकां बुडतली." अलीकडे ते दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातलं हे एक. रामदास तेवढ्यावर समजला की काका कबूल आहेत, आणि चपला पायात सरकवून पळाला.

रमाबाईंनी त्या रात्री नवऱ्याशी भांडण केलं नाही. कशाच्या बळावर करणार? जो माणूस मुलाच्या फोटोकडे बघायचंही टाळतो, त्याच्याशी भांडून काय मिळणार! त्यांनी एवढंच सांगितलं, "तुमी उद्या उभे रवतल्यात. नाव घेवा, नको घेवा. पण उभे रवतल्यात." आणि मनाशी ठरवलं की पोराचं नाव त्या हॉलात घेतलं गेल्याशिवाय उद्या संध्याकाळी आपण चुलीपुढे बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंगतीला त्यांनी सुनावलं, "आज सांजचा जेवण उशिरा. सगळ्यांनी सहा वाजता हॉलात येवचा. लेखकाचा आयकाचा. मगे येवन जेवाचा."

"काकी, आमका काय कळता त्यातला?" दौलत म्हणाला. दौलत गिरणीच्या साळखात्यात, मागावर कामाला, तोंडानं जरा फटकळ.

"माशाचा कालवण कळता मां? मगे तां पण कळात. येतलंस की उपाशी रवतलंस?"

गुपचूप आले सगळे. तीस गडी, प्रत्येकाच्या ओळखीचे सातआठ, बायका, शेजारपाजार. मंडळाला हॉल अर्धा भरायची मारामार, तिथे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. विजयकर खादीचा झब्बा सावरत आले आणि गर्दी बघून चपापलेच. मनमोहनशेठ पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर रमाबाई. अंगावर नवं लुगडं, आणि तोंडावर अशी काही कळा की शेजारची मालन दोनदा "बरां आसा मां?" विचारून गप्प झाली.

पडदा सरकला. रंगमंचावर नारळ ठेवलेला, मागे टेबलखुर्ची. धोंडू टोपी सारखी करत पुढे आले. काय वाळलेला माणूस दिसत होता! पण हात जोडले आणि आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां हय जमली हत. ह्या कार्यक्रमाक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्रे थरथरले.

"गिरगावातसून ह्यो लेखक इलो हा. तेच्या लेखणीक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपवायचं होतं. रामदास नारळ उचलायला वाकलासुद्धा. पण धोंडू मागे सरले नाहीत. त्यांची नजर खाली, ज्या फळ्यांवर पोरगा चार वर्षं नाचला त्या फळ्यांवर गेली, आणि त्यांनी परत हात जोडले.

"आमच्या मंडळातलो एक..."

आणि पुढचा शब्द फुटेना. ओठ हलतायत, आवाज नाही. बघवत नव्हतं. आणि मग काय झालं असेल? तीस वर्षांची सवय हो! गाऱ्हाणं घालणारा थांबला की हो म्हणायचं, एवढंच त्या चारशे जणांच्या अंगात मुरलेलं. धोंडू थांबले, आणि सगळा हॉल गर्जला:

"व्हय म्हाराजा!"

कशाला हो? काही मागितलंच नव्हतं. मागची पोरं फिस्स करून हसली. दौलतनं जीभ चावली. मनमोहनशेठ काठी आपटत उठायला लागले. रामदास घाईघाईनं नारळ घेऊन पुढे झाला, "चला, गाऱ्हाणं झालं, आता आपले पाहुणे..."

"थांब रे!"

रमाबाई उभ्या होत्या.

"झाला कसा? सगळ्यांनी व्हय म्हटला मां? मगे कित्याक म्हटलात तां तरी आयका!"

"बायकांनी गाऱ्हाणं घालू नये हो," मंडळाचे जुने अप्पा पुटपुटले.

"मगे पुरुषांनी घालूचा होता. पावणेदोन वर्षां गप बसलात." त्यांनी पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले.

"देवा म्हाराजा! माझो झील, जयवंत धोंडू पारकर. ह्याच फळ्यांवर नाचलो. बावीस वर्षांचो होतो. महाराष्ट्र मागूक गेलो आणि गोळी खावन पडलो. तेका तुझ्या पायाकडे जागा दी. आणि जेच्यासाठी तो गेलो, तां आमच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

त्या थांबल्या.

आधी नको तिथे ओरडलेली चारशे तोंडं आता उघडेनात. कुणी शेठजींकडे बघतोय, कुणी रामदासकडे. बाईमाणसाच्या गाऱ्हाण्याला उत्तर द्यायचं की नाही, तेही कुणाला ठाऊक नाही. रमाबाई तशाच उभ्या, हात जोडून. बसणार नव्हत्याच त्या.

तेव्हा रंगमंचावरून आवाज आला. एकट्याचा, घोगरा. तीस वर्षं ज्यानं नुसतं मागितलं होतं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं.

"व्हय म्हाराजा," धोंडू म्हणाले.

मग दौलत. मग लेखक विजयकर, ज्यांना मालवणी धड कळतही नव्हती. मग सगळा हॉल, असा की बाहेर रस्त्यावरची माणसं थबकली. रमाबाई मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडल्या. मनमोहनशेठ निघून गेले. त्यांच्या मागे धावावं की थांबावं, या विचारात रामदास क्षणभर उभा राहिला, आणि मग त्यानं हातातला नारळ तिथेच दाणकन फोडला.

हॉलाला आठवड्याच्या आत कुलूप लागलं. रामदास खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला, पडलेल्या चेहऱ्यानं. पुढच्या महिन्यात एक लेखिका यायची होती, सुनेत्राबाई म्हणून. त्यांना आता काय कळवायचं?

रमाबाई भाकरी थापत होत्या. "येवा म्हणान कळव. हय, खानावळीत. पंगत उठली की चटया घालतंय."

"आणि गाऱ्हाणं, काकी?"

रमाबाईंनी कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"ते घालतले," त्या म्हणाल्या. "नाय घातल्यानी, तर मी आसंय."