रिकाम्या पुंगळ्या

माझी लेक सई मोबाइलवर पिस्तुलाचा गेम खेळत होती. पोलिसातून निवृत्त झालेले माझे बाबा शेजारी बसून बघत होते.

"अगं, पुंगळ्या कोण वेचणार?"

"आजोबा, त्या आपोआप नाहीशा होतात."

सरावात झाडलेल्या प्रत्येक गोळीची पितळी पुंगळी बाबांना परत जमा करावी लागे. एकदा एक सापडेना, तर अख्खी तुकडी दुपारभर गवतात रांगत होती. गेममधली गोळी मागे काहीच ठेवत नाही. खरीसाठी निदान वाकावं तरी लागतं.

काल पाहिलं, तर शत्रू समोर असताना सईचा शिपाई जमिनीवर वाकला होता आणि बाबा तिला सांगत होते, "सावकाश. गवतात नीट बघ."