सहकार्याची खालची पायरी

विश्रांतवाडीच्या एका शाळेत मी सातवीला गणित शिकवते. प्रगतिपत्रकात गुणांच्या जोडीने मुलांच्या क्षमतांची वरची, मधली, खालची अशा पायऱ्यांत नोंद करायची असं ठरलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बरीच कुरकुर झाली. मला मात्र ते पटलं. कोण कसा विचार करतं, दुसऱ्याचं ऐकून घेतं का, हे मला वर्गात रोज दिसतच होतं. आता ते लिहायला जागा मिळाली.

पहिल्या सत्रात मी प्रत्येक गटाला शाळेतलाच एक प्रश्न दिला. एका गटाच्या वाट्याला आला तो मधल्या सुट्टीत नळांपाशी होणारी झुंबड कमी करण्याचा. त्या गटात वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी होती. तिने एकटीनेच इयत्तांप्रमाणे वेळापत्रक आखलं, रंगीत तक्ता केला आणि वर्गासमोर झकास मांडला. गटातली दुसरी एक मुलगी मध्येच म्हणाली, "अगं, पण पहिली-दुसरीच्या मुलांचं काय?"

"थांब गं, मला पूर्ण करू दे," म्हणून हिने तिला गप्प केलं.

वेळापत्रक आम्ही आठवडाभर पाळून पाहिलं. झुंबड तशीच राहिली.

मी त्या हुशार मुलीला मांडणीत सर्वांत वरची पायरी दिली आणि सहकार्यात सर्वांत खालची. कारणही लिहिलं.

पालकसभेला आईवडिलांऐवजी तिचे आजोबा आले. नारायण पेठेत राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. नात शेजारी उभी होती.

"अहो बाई, सहकार्य आमच्या सोसायटीच्या नावात आहे. तिथेसुद्धा ते नावापुरतंच असतं. हिच्या प्रगतिपत्रकात कशाला हवं?"

मी घडलं ते सगळं सांगितलं.

"पण तक्ता उत्तम होता ना?"

"उत्तम होता. गर्दी हटली नाही."

नातीचे डोळे भरले होते. "मग मी काय करू, बाई?"

"तोच प्रश्न पुन्हा घे. या वेळी आधी फक्त विचारायचं. उत्तर शेवटी."

दुसऱ्या सत्रात ती गटाला घेऊन नळांपाशी जाऊन उभी राहिली. मी लांबून बघत होते. मध्येच बोलायची सवय काही एका दिवसात जात नाही. दोनदा तिने तोंड उघडलं आणि ओठ मिटून घेतले. मागच्या वेळी जिला गप्प केलं होतं, तिलाच तिने पुढे केलं. लहान मुलांनी सांगितलं, "ताई, आमचा हातच पोचत नाही." मोठ्या मुलांनी बाटली भरून देईपर्यंत ही लहान मुलं नळाला चिकटून उभी राहत, म्हणून रांग अडायची. गटाने मुख्याध्यापिकांना गाठलं आणि सुताराकडून नळांखाली लांबलचक लाकडी पायरी करून घेतली. गर्दी लवकर पांगू लागली.

मी तिला सहकार्यात मधली पायरी दिली. पुढच्या पालकसभेत आजोबांनी चष्मा वर करून प्रगतिपत्रक पाहिलं.

"वरची का नाही?"

"एकदाच जमलंय. पुन्हा जमू दे."

ते हसले. "बाई, तुम्ही बँकेत हव्या होतात."

नात मात्र हसली नाही. ती मला म्हणाली, "पुढच्या वर्षी गट बदलणार का? मला याच मुली हव्यात."

"बदलणार," मी म्हटलं. "नव्या मुलींचंही ऐकून घेता यायला हवं."

तिने जरा तोंड वाकडं केलं आणि मान डोलावली.