भीतीसुद्धा शिकलेलीच असते

बाई गेल्याचं मला गेटवरच कळलं. त्यांचा भाचा पनवेलच्या दवाखान्यातून एकटाच परत आला, गाडीची काच खाली करून नुसतं "गेल्या रे" म्हणाला आणि मी गेट उघडायचं सोडून तसाच उभा राहिलो... त्याला आता महिना होईल. दहिवलीतल्या ज्या इमारतीचा मी वॉचमन आहे, तिथे पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलेल्या. मी हिंगोलीकडचा, सहावीत शाळा सोडलेला.

सोडली म्हणजे पळालो. तासाची घंटा झाली की गुरुजी छडी घेऊन पाढे विचारायचे. पुढे पुढे छडी दिसायच्या आधी, नुसत्या घंटेनंच पोटात कळ यायची. आणि इथे आलो तर गेटसमोरच शाळा. दुसरीकडे काम बघतो म्हणून बाईंना सांगायला गेलो. त्यांनी खोदून खोदून कारण काढून घेतलं आणि विचारलं, "घरी असताना काय आवडीनं खायचास?" म्हटलं, गूळ-शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीला बाई खाली हजर. घंटा वाजली रे वाजली की माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे. रोज. आधी गेटच्या आत, मग रस्त्याच्या कडेला, मग थेट शाळेच्या कुंपणाशी. समोरचा रिक्षावाला ओरडायचा, "काय रं, बाई बालवाडीत घालतात काय तुला?"

"तुलाही घालते, ये," बाई म्हणायच्या.

मी एकदा वैतागलो. "बाई, मी काय कुत्रं आहे का?"

"घंटा वाजवून खायला द्यायचा पहिला प्रयोग कुत्र्यांवरच झाला बाबा. पण कुत्रं बरं, ते लाजत नाही. खा."

कळ हळूहळू कमी झाली. मग त्यांनी धरलं की मी बाहेरून दहावीला बसायचं. सोसायटीचे सेक्रेटरी हसले, "त्याचं डोकं नाही चालायचं हो." बाई तिथेच थांबल्या. "इतक्या वर्षांत एक दिवस भीती विसरला नाही तो. भीतीसुद्धा शिकलेलीच असते. एवढं पक्कं शिकणाऱ्याला मठ्ठ म्हणता?" मला सगळ्यांनी मठ्ठच म्हटलं होतं, मीसुद्धा. असा हिशेब कुणी मांडला नव्हता...

बाई गेल्या आणि कळ परत आली. त्यांनी आधीच बजावलं होतं, "जुनं पुसलं जात नाही रे, आपण त्याच्यावर नवं शिकतो. कधीतरी ते वर येईल. आलं म्हणून हरलास असं समजू नकोस." परवा सेक्रेटरी म्हणाले, "आता राहू दे ना ते दहावीचं. बाई नाहीत." का राहू द्यायचं? बाई नाहीत, पण त्यांनी शिकवलेलं कुठे गेलंय? त्याच दुपारी रस्ता ओलांडला आणि शाळेच्या ऑफिसात जाऊन फॉर्म मागितला.

"पोरासाठी हाय का?" कारकुनानं विचारलं.

तेवढ्यात दाराबाहेरच घंटा झाली. पोटात कळ उठली, आणि तोंडाला पाणी सुटलं... दोन्ही एकदम. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही," म्हटलं, "माझ्यासाठी."