विमाकाकू आणि माझी विकतची कावीळ

एकोणिसाव्या वर्षी मी वीस रुपये देऊन कावीळ विकत घेतली. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांनी मला अजिबात न तपासता, पण मोठ्या आपुलकीने विचारलं होतं, "टायफॉइड देऊ की कावीळ? टायफॉइडला तीन आठवडे मिळतात, काविळीला महिना जातो." ठाण्याच्या कॉलेजातली माझी हजेरी एका एकांकिकेच्या तालमींपायी बरोब्बर महिनाभर बुडाली होती. त्या एकांकिकेत मला एकच वाक्य होतं, तेही पडद्यामागून. मी कावीळ घेतली. सर्टिफिकेट कॉलेजात दिलं, टर्म वाचली आणि मी स्वतःला फार हुशार समजू लागलो.

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर विमाकाकू राहायच्या. तीस वर्षं ठाण्याच्या कोर्टाबाहेर बसून त्यांनी टाइपरायटरवर लोकांची प्रतिज्ञापत्रं बडवली होती. बोटं आखडली तेव्हा विम्याची एजन्सी घेतली. जिन्यात भेटल्या की "कसा आहेस?" असं विचारायच्या नाहीत. "अजून धडधाकट ना?" असं विचारायच्या. "हो" म्हटलं की किंचित निराश होऊन म्हणायच्या, "बरं. वेळ आहे अजून." त्यांच्या चपलांचा आवाज आला की बिल्डिंगमधली माणसं गॅसवर दूध ठेवल्यासारखी घरात पळायची.

त्या वर्षी काकूंनी कॉलेजच्या मुलांसाठी आजारपणाची पॉलिसी आणली. आमच्याकडे तेव्हा आजार ही पन्नाशीनंतरची हौस समजली जायची. बाबा म्हणाले, "काकू, याला काय होणारे? दोन माणसांचं जेवतो."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या. बाबांनी मुकाट्याने सही केली.

फॉर्म भरताना काकूंच्या अंगात कोर्ट यायचं. प्रत्येक रकाना मोठ्याने वाचायच्या. "यापूर्वी झालेले गंभीर आजार?" मी छाती काढून म्हणालो, "एकही नाही." आणि ते खरंच होतं. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "बघ हं. फॉर्म तेव्हाच्या तेव्हा काही बोलत नाही. हॉस्पिटलातनं घरी आलास की बोलतो."

फेब्रुवारीत मला खरी कावीळ झाली. टेंभी नाक्यावर पैज लावून मी उसाचा रस सहा ग्लास प्यायलो होतो. पैज जिंकली. नऊ दिवस नर्सिंग होममध्ये काढले आणि बिल भरायला बाबांनी ताईच्या लग्नासाठीची एफडी मोडली. लग्न मे महिन्यात होतं. "कशाला काळजी करता? पॉलिसी आहे ना," असं मी उशीला टेकून मोठ्या थाटात सगळ्यांना सांगत होतो.

कंपनीने कॉलेजकडून माझ्या गैरहजेरीचं पत्र मागवलं. कॉलेजच्या क्लार्कने नोकरीत पहिल्यांदाच तत्परता दाखवली आणि पत्रासोबत माझं ऑगस्टमधलं सर्टिफिकेटही जोडलं. कंपनीचं उत्तर आलं: विमा घेण्यापूर्वी झालेली कावीळ लपवल्यामुळे दावा नामंजूर. न झालेला आजार लपवल्याबद्दल शिक्षा झालेला अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मी एकटाच असेन.

काकूंनी मला वर बोलावलं. पत्र माझ्यापुढे टाकलं.

"ही ऑगस्टमधली कावीळ कुठली?"

"विठ्ठलवाडीची."

काकूंना पुढचं सांगावं लागलं नाही. "कितीला?"

"वीस."

"महाग दिली." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आता ठरव. आजारी होतास की खोटारडा? आजारी असशील तर ताईची एफडी गेली. खोटारडा असशील तर तुझं वर्ष गेलं. दोन्ही वाचवायचं जमणार नाही."

मला मात्र तिसरा मार्ग सुचला. "काकू, तुम्हीच टाइप करा ना काहीतरी. तीस वर्षं लोकांचं केलंत."

"केलं. खाली सही त्यांची असायची. तुझ्या फॉर्मवर एजंट म्हणून माझी आहे, गाढवा."

जिना उतरताना आमच्या उघड्या दारातून ताई लग्नाच्या याद्या करताना दिसली. मला बघून हसली. "काय रे, मिळणार ना पैसे?" मी रात्रीपर्यंत विचार करतोय असं दाखवलं, पण खरं तर तिथेच, जिन्यात, माझं वर्ष गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू इस्त्रीची साडी नेसून मला प्रिन्सिपॉलांकडे घेऊन गेल्या. मी गहिवर आणणारं निवेदन पाठ केलं होतं. "सर, माझ्या आयुष्यातल्या एका दुर्बल क्षणी..." एवढं झालं आणि काकूंनी मला हाताने बाजूला केलं. "सर, हा ऑगस्टमध्ये आजारी नव्हता. नाटकात होता. तिथेही काही करत नव्हता. तेवढं लेखी द्या." सरांनी ते लिहिलं आणि त्याच पेनाने माझी टर्म रद्द केली.

मग काकू कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात खेटे घालू लागल्या. आधी त्यांना कोणी विचारेना, मग खुर्ची मिळाली, मग चहा, आणि एप्रिलअखेर चेक. ताईचं लग्न ठरल्या तारखेला झालं. मांडवात काकू मला दंडाला धरून पाहुण्यांपुढे उभं करत होत्या. "हा बघा, याला मिळाले. आणि हा काय लायकीचा आहे ते मला विचारा." त्या एका दिवसात त्यांनी पाच पॉलिसी विकल्या.

काही वर्षांनी काकू कायमच्या मुलीकडे नाशिकला निघाल्या. मी तोवर नोकरीला लागलो होतो. त्यांची ट्रंक रिक्षात ठेवताना मला एकदम भरून आलं. म्हटलं, "काकू, खरं बोलायला मी तुमच्याकडून शिकलो."

काकूंनी पदर सावरला, रिक्षावाल्याला "चल रे" म्हटलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिकलास कुठे? सापडलास!"