मोहाची, दिवसाउजेडी

मी दारू पितो. सुशिक्षित मराठी माणसाला हे वाक्य असं उघडं ठेवता येत नाही, त्याला कारण जोडावं लागतं. दुःख असलं तर उत्तम, डॉक्टरांचा सल्लाही चालतो आणि 'साहेबांचा आग्रह मोडवेना' हे तर सर्वमान्य आहे. माझ्यापाशी यातलं काही नाही. मला तिची चव आवडते, आणि ती कोण, कुठे, कशातून काढतं ते जाऊन पाहायला आवडतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात. मी लहान लहान भट्ट्या पाहत हिंडलो. गोव्यात काजूची पाहिली, नाशिककडे द्राक्षाची. घरचे शेजाऱ्यांना सांगत, हवापालटाला गेलेत.

बहुतेक ठिकाणी ग्लास गोल फिरवायला लावत, नाक आत घालायला लावत आणि विचारत, काय आठवतंय? कोणाला संत्र्याची साल आठवे, कोणाला पावसाळी लाकूड. मला दर वेळी एवढंच आठवे की तहान लागली आहे.

माझी मोजपट्टी घरचीच होती. सिहोऱ्याजवळच्या ज्या खेड्यात मी मास्तरकी केली, तिथे एक बाई मोहाची काढायची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, घरची धानाची थोडी शेती. तिची रीत साधी होती. फुलं भिजवून सडवा तयार झाला की तो गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, घालून चुलीवर चढवायचा आणि वर बादलीभर थंड पाण्याचं भांडं बसवायचं. वाफ त्या भांड्याच्या बुडाला लागून थेंब थेंब आत ठेवलेल्या मडक्यात पडते. वरचं पाणी बोट बुडवता येणार नाही इतकं तापलं की ते फेकून नवं ओतायचं. हे झालं एक पाणी. तिसऱ्या पाण्यापर्यंत काढलेली कडक, चौथ्यापर्यंतची पिण्याजोगी. पाचव्याबद्दल ती म्हणे, "थे जावायालेच द्याची, थो बी नावडता असन तं."

परवाना अर्थातच नव्हता. दोनदा धाड पडून तिची भांडी फुटली होती, आणि दोन्ही वेळा वासाने चुगली केली होती. त्यामुळे चाळीस वर्षं ती नाल्यात, करंजाच्या जाळीआड, वारा रस्त्याच्या उलट दिशेने वाहत असेल त्याच दिवशी भट्टी लावायची. एक कान भट्टीकडे, एक रस्त्याकडे.

कारध्याच्या पुढे मोहाची परवानाधारक भट्टी उघडते आहे हे मला कळलं, तेव्हा मी तिला जाऊन सांगितलं.

"परवाना हाय म्हनता?"

"आहे. काचेत घालून भिंतीला लावलाय."

"अन् पोलीस आले तं?"

"त्यांना चहा देतात."

तिने तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मास्तर, मले तेथी घेऊन चला. मराच्या आंधी एक डाव उजेडात काढाची हाय."

आम्ही एसटीने भंडाऱ्याला गेलो, तिथून ऑटोने पूल ओलांडला. भट्टी तांब्याची, हंसासारख्या मानेची होती आणि परदेशातून आली होती. ज्या भंडाऱ्यात पिढ्यानपिढ्या पितळेची भांडी ठोकतात त्याच्या वेशीवर साता समुद्रापलीकडून भांडं आणायचं, याला दूरदृष्टी म्हणतात. मॅनेजर पुण्याकडचा, तरुण, चामड्याचा एप्रन घातलेला. बाईला पाहून तो हरखला. "अशाच ऑथेंटिक व्यक्तीच्या आम्ही शोधात होतो!" बाईने मला विचारलं, "काय म्हनते?" मी म्हटलं, "तुम्ही खऱ्या आहात म्हणतो." ती म्हणाली, "मंग, खोटी कायले येईन येवढ्या दूर?"

तिला भट्टीवरचंच काम हवं होतं. मॅनेजरने एक दिवस हात चालवून पाहायला दिला. सोबत भट्टी सांभाळणारा इंजिनीअर होता, नागपूरचा, मिश्कील माणूस.

तो दिवस वाया गेला. नव्या भट्टीत वाफ थंड करायला नळीभोवती पाणी सतत वाहतं. ते एका जागी साचून तापत नाही आणि बदलावंही लागत नाही. बाई दर थोड्या वेळाने नळीला हात लावून पाही आणि वाट पाहत बसे. धार चालूच होती. संध्याकाळपर्यंत तिचं पहिलं पाणीही झालं नव्हतं.

"पानी तं वाहूनच राहिलं," ती शेवटी म्हणाली. "मी मोजू काय?"

कुठे थांबायचं ते न कळल्याने तोवर भांड्यात जे उतरलं होतं त्याला ओल्या पोत्याचा वास येत होता. इंजिनीअरने चमचाभर चाखून पाहिलं. "काकू, हे तं आता गाडीत पेट्रोल म्हनून टाका लागन."

"गाडीनं तुमचं काय बिघडवलं?" ती म्हणाली. पण तोंड उतरलं होतं.

मॅनेजरने मोठ्या मनाने दुसरी जागा काढली. पुढच्या आठवड्यात उद्घाटन होतं. अंगणात गवती मांडव घालायचा, त्यात मातीची चूल, मडक्यावर मडकं. बाईने काष्ट्याचं लुगडं नेसून, गळ्यात मण्यांच्या माळा घालून तिथे बसायचं. पाहुणे फोटो काढतील. मडक्यात मात्र साधं पाणी, कारण परवाना आतल्या भट्टीपुरताच. पुढे हीच कायमची नोकरी.

परतीच्या ऑटोत मी तिला म्हटलं, घ्या म्हणून. पगार मिळेल, सावलीत बसायचं. निवृत्त मास्तरांना असा शहाणपणा फार सुचतो.

"मास्तर," ती म्हणाली, "जलमभर खरी दारू लपवून काढली. आता पानी चारचौघात उकडत बसू?"

पुलाच्या टोकाशी ती पुन्हा म्हणाली, "तुमी पेता तं गावाले सांगता. अन् मले सोंग घ्या म्हनता."

तीन दिवसांनी तिचा फोन आला. माझी खुशाली विचारायला नव्हे. "त्या इंजिनेरले इचारा, त्याचा गंज माह्या गंजाच्या किती पट हाय." मी विचारलं. इंजिनीअरने तिच्या गंजात किती मावतं ते विचारून हिशेब केला आणि बारा पट सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

उद्घाटनाला नागपूरहून गाड्या आल्या. मुख्य पाहुण्यांनी 'अरण्यातल्या आदिम वारशा'वर भाषण सुरू केलं. वारशाच्या घरी फ्रीज होता आणि वारशाची सून ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. स्वतः वारसा रोजच्या नायलॉनच्या साडीत आला, मांडवाकडे न पाहता सरळ भट्टीच्या खोलीत गेला आणि बादली मागू लागला.

भट्टी नुकतीच सुरू झाली होती. नळीभोवतून तापून बाहेर पडणारं पाणी तिने बादलीत धरलं. भरली की मोरीत ओतायची आणि चिंचोका पदरात टाकायचा. बारा चिंचोके म्हणजे एक पाणी. इंजिनीअर आधी हसला, मग त्याने खिशातून पेन काढून काहीतरी ताडून पाहिलं आणि तिच्यासाठी स्टूल आणलं.

मी दारात उभा राहिलो. या लढ्यात माझा वाटा तेवढाच, पण मी देहाने रुंद आहे. मॅनेजरला माझ्या खांद्यावरून बोलावं लागलं.

"काकू, बाहेर सगळे खोळंबलेत. मांडवात चला ना."

"थांबू द्या. तिसरं पानी चालू हाय."

"अहो, फोटो काढायचेत."

"मंग येथी या म्हना. दारू येथी हाय. तेथी तं नुसतं पानी हाय."

हे जरा मोठ्याने झालं. लांबत चाललेलं भाषण अडखळलं, माना वळल्या. मग पाहुणे एक एक करून खोलीत आले, कारण कोरड्या ग्लासने माणूस वारशावर फार वेळ विश्वास ठेवू शकत नाही. बाईने कोणाकडे पाहिलं नाही. अर्धा तास सगळे बादली भरताना पाहत राहिले. मुख्य पाहुण्यांनी मध्ये एकदा, अजून किती, असं विचारलं. तिने पदर चाचपून सांगितलं, "चार बादल्या. घाई असन तं मांडवातलं पेऊन घ्या."

तिसऱ्या पाण्याचा शेवटचा चिंचोका पडला तशी तिने धारेखाली बोट धरून चाखलं. "बस. भांडं बदला." इंजिनीअरने कडकपणा मोजायच्या त्याच्या काचेच्या नळीत पाहिलं आणि भांडं बदललं. तोवर उतरलेली धार पाण्याने बेताची करून त्याने ग्लास भरले.

खरं सांगायचं तर तिची नाल्यातली मला थोडी जास्त आवडायची. तिच्यात धूर असायचा. पण ही स्वच्छ होती, गोड वासाची, आणि घशातून उतरताना कुठे अडत नव्हती. पाहुणे नाकं आत घालून काय काय आठवतंय ते सांगू लागले. मॅनेजर घाम पुसत बाईजवळ आला आणि त्याने हलक्या आवाजात विचारलं, "सोमवारपासून याल का? इथेच, भट्टीवर?"

"लुगडं?"

"तुम्हाला हवं ते नेसा."

ती "येईन" म्हणाली. मग तिने उठून खोलीभर पाहिलं. रस्त्याच्या बाजूची मोठी खिडकी एसीसाठी लावून घेतलेली होती.

"मास्तर, थे खिडकी उघडा."

"एसी चालू आहे, बाई."

"असू द्या," ती म्हणाली. "रस्त्यावर जाऊ द्या वास."