विमान वळेपर्यंत

विमान हळूहळू मागे सरकलं, तेव्हा खिडकीतून खाली तिघेजण दिसले. डोक्यावर हेल्मेट, हातांत हातमोजे. आमचं सामान त्यांनीच चढवलं होतं. काम संपलं म्हणून निघून जायचं, तर ते ओळीत उभे राहिले, कमरेतून वाकले आणि हात हलवू लागले.

कंपनीनं मला मशीन तपासायला जपानला पाठवलं होतं. टोकियोहून कारखान्याच्या गावी जाणारं हे दुसरं विमान. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. अडलं तर विचारायचं कुणाला, ही धास्ती घरापासून सोबत होती. निघताना पासपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दर वेळी त्यात तुमचाच फोटो निघणार!" मग फाटकाशी, "जातो काय म्हणता? येतो म्हणा." रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तिथंच उभी होती.

हे तिघेही तसेच उभे होते. निरोप आपल्या माणसाला देतात. यांना तर आत कोण बसलंय तेही माहीत नव्हतं. मी हिशेबी माणूस. यात त्यांचा फायदा काय, ते शोधून पाहिलं. सापडला नाही, आणि फार बरं वाटलं.

शेजारच्या सीटवरच्या जपानी आजीबाईही हात हलवत होत्या. मग मीही हात उंचावला आणि चक्क मोठ्यानं म्हणालो, "येतो!"

आजीबाईंनी हसून मान डोलावली. चला, या देशात ओळखीची चार माणसं झाली.