हुरडा चोळायचा हात

"सेकंड डिग्री डीप बर्न. उजवा हात, कोपरापासून बोटांपर्यंत," डॉक्टरीणबाई शेजारच्या नर्सला सांगत होत्या, आणि माझं सगळं लक्ष बांगड्यांवर होतं. नर्स म्हणाली, "मावशी, हात सुजणारंय, बांगड्या वाढवाव्या लागतील." मी म्हटलं, वाढव बाई, पण डाव्या हातातल्या राहू दे, आमचे हे बाहेर उभे आहेत, घाबरतील. नर्स हसली. मीही हसले, आणि मग हात असा ठणकला की ह्यांच्या आईलाच हाक मारली.

सेकंड डिग्री डीप म्हणजे काय, ते मला नंतर नीट कळलं. कातडीचे थर असतात. वरचा जळला तर नुसती लाली आणि आग. त्याखालचा जळला तर फोड येतात. आणि त्या खालच्या थराच्याही तळापर्यंत आच गेली, तर जखम आपली आपण नीट भरत नाही, डॉक्टरांना हात घालावा लागतो. माझं हे शेवटचं. तुमच्यापैकी कुणाला हे शब्द ऐकायची वेळ आली तर घाबरून जाऊ नका. शब्द मोठे आहेत, पण माणूस त्यातून उठतं. मी उठले की.

"कसं भाजलं?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आमचं अख्खं घर मुकं झालं. मी म्हटलं, हुरड्याच्या आगटीचा भडका उडाला. तेवढंच. पेट्रोल कुणी टाकलं ते कुणी बोललं नाही, कारण ते जावयानं टाकलं होतं.

वैजापूरकडं आमची थोडी शेती आहे, दीर बघतात. आम्ही राहतो इकडं वाळूजला, ह्यांची नोकरी कंपनीत, मी घरी ब्लाऊज शिवते. पण हुरड्याला दरवर्षी सगळे शेतात जमतो. खड्ड्यात गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि गरमागरम हातावर चोळून दाणे काढायचे. चोळायचं काम माझं. चटका सोसणारा हात आमच्यात माझाच, आणि त्याचा मला लई तोरा होता. त्या दिवशी दहिवरानं गोवऱ्या ओल्या झालेल्या, नुसता धूर. वर्षा, माझी लेक, तिचा नवरा प्रशांत मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढून घेऊन आला. दीर, जाऊ, हे, मी, सगळ्यांना दिसत होतं की हे काही बरं नाही. पण जावयाला नको कोण म्हणणार? आमच्याकडं जावयानं ताटात मीठ मागितलं तरी चार जण उठतात. प्रशांतरावांनी पेट्रोल ओतलं. जाळ बाटलीपर्यंत चढला, घाबरून त्यांच्या हातून ती सुटली आणि गडगडत माझ्याकडं आली. मी ती उजव्या हातानं उडवली. हात पेटला, बाही पेटली. पुढच्या क्षणी अंगावर गोधडी पडली आणि मी मातीत.

दिरांनी टूथपेस्ट आणली, जाऊ म्हणाली हळद लावा. वर्षानं दोघांना बाजूला सारलं आणि बोअर चालू करून हात धारेखाली धरला, चांगली वीसेक मिनिटं. पुढं डॉक्टर म्हणाल्या, मुलीनं हे केलं म्हणून बरंच वाचलं. तेवढं ध्यानात ठेवा. साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढायचं. आणि मग दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात स्किन ग्राफ्ट झालं. म्हणजे मांडीवरची पातळ कातडी काढून हातावर लावतात. गंमत अशी, की हातापेक्षा मांडीच जास्त दुखते. मी डॉक्टरांना म्हटलं, माझंच उचलून मलाच लावलं, शिवणकामात आम्ही ह्याला ठिगळ म्हणतो. त्या म्हणाल्या, "मग टाका उसवू देऊ नका, हात हलवायचा नाही." पट्टी सोडली त्या दिवशी त्यांनी माझ्याआधी श्वास रोखलेला. ठिगळ धरलं होतं.

मग एका दुसऱ्या मॅडम आल्या, अगदी तरुण. भाजलेल्या माणसांवर त्यांचा अभ्यास चालू होता, क्लिनिकल रिसर्च. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळणार, त्याशिवाय निम्म्या लोकांना मनाचेही उपचार, समुपदेशकासोबत बसून बोलणं. दोन्ही गटांचा हात आणि मन कसं सुधारतं ते बघायचं. कोण कुठल्या गटात जाईल ते संगणक ठरवतो, ह्याला रँडमायझेशन म्हणतात. मॅडमनं सगळं वाचून दाखवलं आणि दोनदा सांगितलं, "नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. मध्येच सोडलंत तरी चालेल." तुम्हालाही कुणी विचारलं तर असंच सगळं विचारून घ्या. मी हो म्हटलं. उजवा हात पट्टीत, म्हणून मॅट्रिक पास बाईनं डाव्या हाताचा अंगठा लावला. हे तिथंच खुदकन हसले. घरी आल्यावर बघते म्हटलं.

मॅडमनं विचारलं, "बऱ्या झाल्यावर ह्या हातानं काय करायचंय?" शिलाई मशीन म्हणायला पाहिजे होतं. तोंडातून आलं, "हुरडा चोळायचाय. पुढच्या हिवाळ्यात, सगळे असताना." मॅडमला हुरडा चोळणं माहीत नव्हतं. मी डाव्या हातानं करून दाखवलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

संगणकानं मला बोलण्याच्या गटात टाकलं नाही. आयुष्यभर बोलत आलेल्या बाईला नेमकं तिथं वगळलं. माझ्या वाट्याला व्यायाम आणि प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे घट्ट हातमोजा. भाजलेली कातडी भरताना आखडते, बोटं आत ओढली जातात. त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. ते होऊ नये म्हणून मोजा दिवसरात्र घालायचा आणि बोटं वाकवायची, सरळ करायची. व्यायामाचे सर म्हणायचे, "मावशी, रडलात तरी चालेल, थांबायचं नाही." मी रडत रडत त्यांचा उद्धार करायची. मनातल्या मनात.

दर काही आठवड्यांनी मॅडम मनाचे प्रश्न विचारायच्या. ते दोन्ही गटांना असतात. "तो प्रसंग सारखा डोळ्यांपुढं येतो का? वासानं छातीत धडधडतं का? त्या जागी जायचं टाळता का? स्वतःला दोष देता का?" मी आपली नाही, नाही, नाही म्हणत होते. गॅस मी पेटवत होते, झोप लागत होती. पण शेवटच्या प्रश्नापाशी माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ही सगळी उत्तरं हो आहेत, पण माझी नाहीत. प्रशांतरावांची आहेत.

तोवर मी काय समजत होते, जावई रुसलाय. भडका झाल्यापासून त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मोसंबी, डाळिंबं, पपया वर्षासोबत यायची, एवढी की दारात गाडा लावता आला असता. माणूस नाही. वर्षाला खोदून विचारलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. पेट्रोल पंपावर ते जात नाहीत, मित्राला गाडी देतात. तिनं फोडणी दिली की घराबाहेर जातात. झोपेत दचकून उठतात. हे ऐकून मला माझ्या हाताचं काहीच वाटेना. लेकीच्या घरात एवढं चाललेलं आणि मी इकडं फळं मोजत बसलेली.

दवाखान्याच्या बाकावर माझी मैत्री झालेली शहागंजच्या शहनाज भाभीशी. बांगड्यांचं दुकान त्यांचं, कुकरच्या वाफेनं भाजलेल्या. त्या बोलण्याच्या गटात. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला आत काय शिकवतात ते मला सांगा, जावयाला शिकवते. भाभी म्हणाल्या, "इत्ती सी बात? काय कू घबराते?" आणि सुरू झाल्या. श्वास कसा सोडायचा, भीतीच्या गोष्टीजवळ टप्प्याटप्प्यानं कसं जायचं. आजूबाजूच्या बायकाही सरकून आल्या. आपल्याकडं लोणच्याची कृती विचारली तर कुणी नाही म्हणतं का? बाकावर आम्ही सगळ्या डोळे मिटून श्वास सोडतोय आणि समोर मॅडम उभ्या.

भाभींनीच कौतुकानं सांगून टाकलं. मॅडम मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "अहो, ज्या गटाला हे द्यायचं नव्हतं त्यालाच तुम्ही दिलंत. आता मी तुलना कशाची करू?" आम्हाला लई वाईट वाटलं. झालं ते त्यांनी जसंच्या तसं नोंदवलं, लपवलं नाही, आणि पुढं दोन्ही गटांचे वार वेगळे केले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, तुम्हाला कुणासाठी पाहिजे होतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यासाठी अभ्यासात असावं लागत नाही. ते भाजले नसले तरी त्यांनाही इजा झालीय. मानसोपचार विभागात घेऊन या. आणि बाकावर शिकून घरी करू नका, जाणकार माणूस सोबत लागतं."

जावयाला फोन केला. म्हटलं, प्रशांतराव, उद्या दवाखान्यात मला सोबत लागते. सासूला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. आले. दाढी वाढलेली, माझ्या हाताकडं बघेनात. मानसोपचाराच्या दारापाशी गेल्यावर म्हणाले, "मामी, नंबर तुमचा ना?" मी म्हटलं, "नाही, तुमचा." बिचारे पळूनही जाऊ शकले नाहीत, कारण मी त्यांचा दंड धरला होता. उजव्या हातानं. मोजा घालून. आतल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "तुम्हाला जे होतंय तो आजार आहे, भित्रेपणा नाही. ह्यावर उपचार आहेत, वेळ लागेल." बाहेर आले तेव्हा रडलेले दिसत होते. कँटीनमध्ये चहा पाजला.

पुढचा हिवाळा आला. माझी मूठ वळते, करंगळी तेवढी हट्टी आहे. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं, "नवीन कातडीला चटका कळत नाही, फोड येईल. गरम कणीस हातात घ्यायचं नाही." वर्षभर ज्यासाठी बोटं मोडून घेतली तेच नको. त्या दिवशी घरी येऊन मी खरंच रडले.

तरी शेतात गेलो. गोवऱ्या आदल्या दिवशीच वाळवून झाकून ठेवलेल्या. आगटी पेटली तेव्हा प्रशांतराव लांब, बाभळीखाली. मग बांधापर्यंत. मग आम्ही बसलो होतो त्या गोणपाटाच्या कडेला. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, एकेक टप्पा, घाई नाही. कुणी त्यांना चला म्हटलं नाही आणि बसा म्हटलं नाही. कणसं निघाली तेव्हा ते माझ्या शेजारी बसलेले होते, कपाळावर घाम.

मी भाजलेलं कणीस चिमट्यानं उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं. म्हटलं, "चोळा."

जाऊ दचकली. जावयाला कामाला लावते ही बाई. मी म्हटलं, गेल्या साली जावई म्हणून गप्प बसलो, त्यात माझा हात गेला. आता मी बोलणार. "असं नाही हो, मूठ आवळून. दाबा. चटका बसतोय तर बसू दे, ह्या हातातून त्या हातात करा. फुंकर मारा आता." प्रशांतराव घाबरतघाबरत चोळत होते आणि मान वर न करता म्हणाले, "मामी, ती बाटली अजून दिसते मला."

"मला नाही दिसत," मी म्हटलं. "मला गोधडी आठवते. सगळे जागच्या जागी थिजले होते. गोधडी तुम्ही टाकली."

वर्षानं तोंड फिरवलं. मग प्रशांतरावांनी चोळलेला हुरडा गार झालाय का ते गालाला लावून बघितलं आणि माझ्या पुढं धरला. अर्धे दाणे, अर्धं तूस. एवढा वाईट चोळलेला हुरडा आमच्या शेतात आजवर कुणी खाल्ला नसेल. मी सगळा चावून खाल्ला, आणि अजून द्या म्हणून उजवा हात पुढं केला.